डॉक्टरचं ताट

रावेरच्या हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर म्हणून मी धुळ्याहून आलो, तेव्हा मला खोली मिळाली ती झुंबरबाईंच्या माडीवर. खोली हवेशीर होती, लागून गच्ची होती, भाडं रास्त होतं. अडचण एकच होती आणि ती म्हणजे खुद्द झुंबरबाई. जिन्याच्या पहिल्या पायरीशी त्यांनी पाण्याची बादली आणि तांब्या ठेवलेला असे. पाय धुतल्याशिवाय पायरी चढायची नाही. मी शाळेतून आलो की आतून आवाज यायचा, "मास्तर, टाचाबी धुजा." मी मिशी असलेला, पगारदार माणूस, पण त्या घरात माझ्या टाचांवर माझा अधिकार नव्हता.

झुंबरबाईंची स्वच्छता हा गल्लीत बोलण्याचा विषय होता. पितळेची भांडी आधी चिंचेनं, मग राखेनं, मग कोरड्या फडक्यानं. पाण्याचा रांजण एक दिवसाआड रिकामा व्हायचा आणि त्या आत वाकून तो काथ्यानं घासायच्या. बाहेरून फक्त पाठ दिसायची आणि रांजणातून घुमणाऱ्या आवाजात सुनेला सूचना यायच्या. त्यांची सून कुंदाबाई मोठी गमतीची होती. ती एकदा मला म्हणाली, "मास्तर, माझी सासू तापट नाही हो. नुसती ओली आहे. कधीही पाहा, हात कोपरापर्यंत ओले."

या ओलेपणाचं मूळ मला पुढे कुंदाबाईकडूनच कळलं. झुंबरबाई नव्या नवरी असताना पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, त्यांची नणंद द्रौपदाबाई बोदवडहून माहेरी आली. आल्या आल्या तिनं रांजणात बोट घातलं आणि वर काढलं, तर बोटाला शेवाळाचा एक बारीक हिरवा धागा. पोरसवदा झुंबरबाईंना अजून घरातला रांजण किती खोल आहे तेही नीट माहीत नव्हतं. पण द्रौपदाबाईंनी ते बोट तसंच उंच धरून निंबाखाली झोक्यावर बसलेल्या सगळ्या माहेरवाशिणींना दाखवून आणलं आणि म्हणाल्या, "आमच्या भावाले बायको नही भेटली व, बेंडूक भेटली. हिरव्या पान्यात राह्यते." बाया पोट धरून हसल्या. तेव्हापासून दर आखाजीला द्रौपदाबाई यायच्या, घरभर बोट फिरवायच्या, आणि त्यांच्या बोटाला काही लागू नये म्हणून झुंबरबाई वर्षभर घर घासत राहायच्या. नवरा गेला, केस पिकले, पण ती परीक्षा काही संपली नव्हती.

अशा घरात देवचंद जन्माला आला हा देवाचाच विनोद म्हणायचा. देवचंदभाऊ म्हणजे झुंबरबाईंचा एकुलता मुलगा आणि कुंदाबाईचा नवरा. रावेरहून बाहेरगावी जाणारे केळीचे ट्रक भरून देण्याचं काम तो करायचा. माणूस शांत, लांबलचक, आणि नादिष्ट. आधी कबुतरांचा नाद झाला. ती छपरावर घाण करतात म्हणून आईनं उडवून लावली. मग गुलाब झाले. चिखल होतो म्हणून त्या कुंड्या शेतावर गेल्या. मग एकदा केळीच्या ट्रकात बसून तो मुंबईला गेला आणि तिथलं मत्स्यालय पाहून आला. आल्यावर चार दिवस त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. कुंदाबाईला वाटलं, मुंबईत काही भलतंच झालं. झालं होतंच, पण ती बाई नव्हती, मासा होता.

"मास्तर," तो मला गच्चीवर म्हणाला, "समुद्राचा मासा घरात ठेवता येतो. फक्त समुद्र पाहिजे."

सातपुड्याच्या पायथ्याशी बसून ‘फक्त समुद्र पाहिजे’ म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. पण देवचंदभाऊंच्या हाताशी ट्रक होते. मुंबईला जाताना ते केळीनं भरलेले असत आणि येताना रिकामे. झुलाल नावाचा एक ड्रायव्हर त्याचा जिवाचा मित्र होता. तो ओळखीच्या कोळ्याला सांगून होडीतून आतलं स्वच्छ पाणी कॅनमध्ये भरून घ्यायचा आणि रावेरला आणायचा. वाटेत नाक्यावर कुणी विचारलं, काय माल आहे, तर बिचारा खरं सांगायचा, "पानी." मग त्याला उतरवून दोनदा विचारायचे.

काचेची मोठी पेटी जळगावहून आली. समोरच्या खोलीत, आबांच्या फोटोखाली तिला जागा मिळाली. आबा म्हणजे देवचंदभाऊंचे वडील. पेटीत मुंबईहून आणलेले प्रवाळाचे पांढरेशुभ्र मेलेले दगड रचले, हवेचा पंप बसवला, झुलालचा समुद्र ओतला आणि दिवा लावला. खोली एकदम थंड आणि श्रीमंत दिसायला लागली. सगळ्यांत खूश कोण झालं असेल, तर झुंबरबाई. नुसती काच, नुसतं पाणी आणि पांढरे दगड. यापेक्षा स्वच्छ वस्तू त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

"मस्त झालं रे," त्या म्हणाल्या. "आता याच्यात काही टाकू नको."

पण टाकायचं होतं तेच तर देवचंदभाऊंच्या मनात होतं. आणि घर होतं माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा एकादशीला शिवायचा नाही. मासा घरात येणार म्हटल्यावर झुंबरबाईंनी पदर खोचला. मासा येईल, पण जीव खाणारा येणार नाही, आणि त्याच्यासाठी या उंबऱ्याच्या आत जीव मारलेलं काही येणार नाही, ही त्यांची अट. देवचंदभाऊ हसला. त्याला मत्स्यालयातल्या एका माणसानं सांगितलं होतं, की माशांत सर्जन नावाचं एक घराणं असतं. शेपटीच्या बुडाशी दोन्ही अंगांना वस्तऱ्यासारखं धारदार पातं असतं, त्यावरून ते ओळखायचे. आणि ही मंडळी हिरवं खाऊन राहतात.

म्हणून होळीच्या सुमारास झुलालनं प्लॅस्टिकच्या पिशवीत जो मासा आणला, त्याची सगळी भिस्त त्या पात्यावर होती. विकणाऱ्यानं नाव-गाव काही सांगितलं नव्हतं. ‘निळा आहे, भारी आहे’ एवढंच. निळा मात्र खरोखर होता. मी रंगात हात घालणारा माणूस, पण मला त्या निळ्याचं नाव सांगता येईना. अंग आभाळी, तोंड काळं, गळ्याखाली पांढरा पट्टा आणि पाठीवर पिवळ्याधमक पंखाची झालर. हळदीच्या दिवशी नवरदेव नटावा तसा नटलेला.

"पन हा तोच हाये का?" झुंबरबाईंनी विचारलं. "का नुसता निया दिसतो म्हनून आनला?"

देवचंदभाऊंनी शेपटी नीट पाहण्यासाठी पिशवीत हात घातला, मासा फिरला, आणि देवचंदभाऊंच्या अंगठ्यातून भळकन रक्त आलं. आम्ही धावलो. कुंदाबाईनं हळद आणली. आणि हा माणूस तो रक्ताचा अंगठा आईच्या नाकासमोर नाचवत ओरडत होता, "तोच हाये! माय, पाह्य, कापलं त्यानं! शाकाहारी हाये!"

झुंबरबाईंनी एकदा अंगठ्याकडे पाहिलं, एकदा माशाकडे. "आंगठा कापतो अन् शाकाहारी?" त्या म्हणाल्या. "तुझा एखादा गुरू भेटला वाटते मुंबईले."

पण शब्द दिला होता, त्यामुळे मासा राहिला. अंगठ्याला पट्टी बांधून देवचंदभाऊ गावभर फिरला आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यानं हौसेनं सांगितलं की आपल्या घरी सर्जन आला आहे. दोन दिवसांत गावानं माशाचं नाव ‘डॉक्टर’ ठेवलं. लोक पाहायला यायला लागले. एका म्हाताऱ्यानं तर काचेसमोर उभं राहून आपली गुडघेदुखीही सांगितली.

आता डॉक्टरनं फक्त जेवायचं होतं. पण तो जेवेना.

देवचंदभाऊंनी मेथी दिली, कोथिंबीर दिली, कोबीचे बारीक तुकडे दिले. पाला पाण्यावर तरंगत राही आणि डॉक्टर खाली दगडांमधून उदास फिरत राही. कधी एखाद्या शुभ्र दगडाला तोंड लावून पाही आणि सोडून देई. आठवडा गेला. पोटाची बाजू आत ओढली गेली, पाठीकडचं अंग पातळ झालं, आणि तो निळा रंग फिका पडायला लागला. फार वेळा धुतलेल्या सदऱ्यासारखा तो दिसायला लागला तेव्हा मीच देवचंदभाऊंना म्हणालो, "भाऊ, याचं काही खरं नाही." त्या दिवशी तोही जेवला नाही, हे कुंदाबाईनं सांगितलं.

झुंबरबाईंना हे सोसेना. घरात कुणीतरी उपाशी आहे ही गोष्टच त्यांना सोसत नसे. दारावरचा मागणारा, केळीच्या ट्रकाचा क्लीनर, मी, सगळ्यांना त्या बळजबरीनं जेवायला घालत. एका सकाळी त्यांनी निकाल दिला. "देवचंद, आखाजीपर्यंत त्यानं खाल्लं त ठीक. नही त झुलालच्या गाडीत त्याले वापस पाठव. सणाच्या दिवशी माझ्या घरात कोनी उपाशी मरायले नको." दिवस मोजकेच होते. परत पाठवलं तर तो वाटेतच मरणार, हे देवचंदभाऊंना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मला वाटतं, त्यांनाही माहीत होतं.

मग देवचंदभाऊंनी ते केलं जे त्यानं करायला नको होतं. मासे विकणाऱ्यानं झुलालबरोबर निरोप पाठवला होता, सुकट कुटून द्या, सगळे मासे खातात. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी. झुलालनं पुडीही पाठवली. ती ठेवायची कुठे? तर माझ्या खोलीत. मी धुळ्याचा, बाहेर सगळं खाणारा, म्हणून पुडीला माझ्यासारखा दुसरा पालक नव्हता. मी साफ नाही म्हणालो. त्यानं ऐकलं नाही. माझ्या रंगांच्या पेटीत ती ठेवून तो निघून गेला.

रावेरचं एप्रिलचं ऊन ज्यानं अनुभवलं आहे त्याला पुढचं सांगायला नको. दुपारपर्यंत तो वास जिना उतरून खाली गेला, आबांच्या फोटोपाशी थांबला आणि मग स्वयंपाकघरात शिरला. झुंबरबाई वर आल्या. माझ्या दारात उभ्या राहून त्यांनी नाकानं खोली शोधली आणि बोट बरोबर पेटीकडे केलं.

"मास्तर, हे काय?"

"रंगाचं सामान आहे, काकू," मी म्हणालो.

"रंग असा सडत नही."

माझं बिऱ्हाड त्याच संध्याकाळी रस्त्यावर आलं असतं. पण देवचंदभाऊ मागून धापा टाकत आला आणि आईसमोर मान खाली घालून उभा राहिला. "माय, मास्तरचं काही नही. मीच आनली. सकायी चिमूटभर टाकलीबी."

झुंबरबाईंचा चेहरा असा झाला की मी खिडकीकडे पाहायला लागलो. मग त्यांनी विचारलं, "खाल्ली त्यानं?"

"नही. हुंगलीबी नही. तोंड फिरवलं."

झुंबरबाई माझ्या खाटेवर बसल्या. न धुतलेल्या चादरीवर त्या बसल्या, यावरूनच मी समजलो की काहीतरी मोठं घडलं आहे.

"इतका उपाशी," त्या हळू म्हणाल्या, "अन् समोर असून बाटला नही?" मग उठल्या. "हा त आपल्यातला हाये रे."

सुकटीची पुडी चिमट्यात धरून त्यांनी गल्लीच्या टोकाशी नेऊन पुरली, माझी रंगांची पेटी उन्हात घातली, मुलाला आंघोळीला पाठवलं, आणि त्या दिवसापासून डॉक्टर देवचंदभाऊंचा राहिला नाही. तो झुंबरबाईंचा झाला.

मी आजवर अनेक लाडाचे जावई पाहिले आहेत, पण असा पाहुणचार कुणाचा पाहिला नाही. भिजवलेली मुगाची डाळ. काकडीची साल. कोवळी केळफुलाची पाकळी. घरातला एकुलता एक कूलर माशाकडे तोंड करून लागला आणि त्याच्यासमोर ओलं गोणपाट टांगलं. देवचंदभाऊ आणि कुंदाबाई टॉवेलनं वारा घेत बसायचे आणि डॉक्टर गारव्यात फिरायचा. झुंबरबाई काचेशी पाट टाकून बसायच्या. "खाय रे बापा, एक घास खाय," असं त्या माशाला म्हणताना ऐकलं की हसू यायचं आणि आत कुठेतरी वाईटही वाटायचं, कारण तो खरंच संपत चालला होता. आता तो दगडांच्या आडोशाला एका बाजूला कलून राहायचा.

आणि या सगळ्यात एक काम मात्र झुंबरबाईंनी सोडलं नव्हतं. पाहुणा आजारी, म्हणजे त्याची जागा अधिकच स्वच्छ पाहिजे. दिव्याच्या उजेडानं पेटीतल्या दगडांवर दोन-तीन दिवसांत हिरवट झाक यायची. ती आली रे आली की त्या दगड बाहेर काढायच्या, काथ्यानं खसाखसा घासायच्या आणि पुन्हा दुधासारखे पांढरे करून आत ठेवायच्या. काचेवरचं हिरवं तर त्या रोज सकाळी पुसायच्या. देवचंदभाऊही त्यांना दुजोरा द्यायचा. त्याच्या मते रावेरात त्याच्याइतकी नितळ पेटी ठेवणं कुणाला जमलं नसतं. बाकी कुणाकडे पेटीच नव्हती, ही गोष्ट वेगळी.

त्या सकाळी झुंबरबाईंनी असाच मागच्या कोपऱ्यातला एक दगड उचलला. तो खाली दबलेला होता, त्यामुळे दोन-तीन खेपा त्यांच्या हातून सुटला होता. एका अंगानं चांगला हिरवा झाला होता. त्यांनी तो पाण्यातून वर आणायला सुरुवात केली आणि डॉक्टर आडोशातून बाहेर आला. दगडामागोमाग तो वर येऊ लागला. मी दूध घ्यायला खाली आलो होतो, तांब्या हातात घेऊन तिथेच थांबलो. झुंबरबाईंचा हात दगडासकट पाण्यात थबकला. डॉक्टरनं दगडाला तोंड लावलं आणि खरवडलं. पुन्हा खरवडलं. त्याचं ते इवलंसं तोंड टकटक चालू लागलं आणि हिरव्या दगडावर जिथे तिथे पांढरे ठिपके उमटत गेले. झुंबरबाईंच्या बोटांना त्याची शेपटी लागत होती. त्या पात्यानं त्यांच्या मुलाचा अंगठा कापला होता, पण त्यांनी हात हलवला नाही.

"देवचंद," त्यांनी हाक मारली, इतकी हळू की कुंदाबाईला ती पुढे पोचवावी लागली. तो आला. झुंबरबाई वाकलेल्याच होत्या, हात कोपरापर्यंत पाण्यात. "देवचंद, मी रोज याचं ताट धुई राह्यली रे. भरलं ताट धुई राह्यली."

त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. मी त्या घरात राहत होतो तेवढ्या काळात झुंबरबाईंना रडताना तेव्हाच पाहिलं. त्यांनी आयुष्यभर दारात आलेल्याला विन्मुख पाठवलं नव्हतं, आणि घरातल्या पाहुण्याच्या पुढ्यातलं अन्न रोज सकाळी स्वतःच्या हातानं पुसून टाकत होत्या, तेही त्याच्यावर माया करून. आईनं घासलेल्या दगडांचं कौतुक देवचंदभाऊंनीच सगळ्यांत जास्त केलं होतं. मीही केलं होतं. शुभ्र दगडांवर निळा मासा कसा उठून दिसतो, यावर मी त्याला रंगसंगतीचे धडे दिले होते.

दुसऱ्या दिवसापासून माझी गच्ची गेली. झुंबरबाईंनी पापड-कुरडयांचं वाळवण जन्मभर घातलेलं, त्याच हातानं त्यांनी हिरवं पिकवायला घेतलं. पेटीतून काढलेलं जुनं खारं पाणी परातींत भरलं, त्यात दगड मांडले, वरून जुन्या लुगड्याची सावली बांधली. सकाळचं कोवळं ऊन द्यायचं, चढलं की झाकायचं, पाणी आटलं की गोडं पाणी घालून भरून काढायचं. कुरडया फिरवाव्यात तसे त्या दगड फिरवायच्या. माझी कपड्यांची दोरी काढली गेली आणि रविवारी मला कावळे हाकलायचं काम मिळालं. एरवी हिरवा डाग दिसला की कासावीस होणारी ही बाई आता शेजारणीला वर आणून दाखवायची, "पाह्य, या दगडानं किती सुंदर हिरवं धरलं. तो बाजूचा मेला धरतच नही."

पिकलेला दगड पेटीत जायचा, खरवडून पांढरा झालेला परत गच्चीवर यायचा. झुंबरबाईंनी पुढे आणखी एक युक्ती काढली. पाण्यावर तरंगणारं तो खात नाही, दगडावरचं खरवडतो, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. म्हणून पालकाचं पान वाफवून मऊ करायचं आणि दोऱ्यानं दगडाला बांधून आत सोडायचं. डॉक्टर तेही खायला लागला. पोट भरलं, अंग भरलं, रंग परत आला. मी माझ्या पेटीतली सगळ्यांत चांगली निळी वडी काचेला लावून पाहिली. वडी फिकी पडली. झुलालची गाडी परतीच्या पाहुण्याशिवाय गेली आणि देवचंदभाऊ पुन्हा दोन वेळा जेवू लागला.

एवढ्यात आखाजी आली आणि आमच्या लक्षात आलं की द्रौपदाबाई येणार.

पेटी तोवर चांगलीच माजली होती. काच पुसणं झुंबरबाईंनी बंद केलं होतं. दगड हिरवे, मागची काच हिरवी, समोरची काचही कडेकडेनं हिरवी. डॉक्टर दिवसभर तिथे चरायचा. घर आरशासारखं आणि मधोमध, आबांच्या फोटोखाली, हे हिरवं डबकं. देवचंदभाऊ आईला म्हणाला, "माय, निदान समोरची काच पुसू. आत्या येईन अन् बोलीन." कुंदाबाईही म्हणाली. मीही म्हणालो, कारण बेंडकीची गोष्ट मला माहीत होती आणि म्हातारपणी ती पुन्हा ऐकायची वेळ त्यांच्यावर यावी असं मला वाटत नव्हतं.

सणाच्या सकाळी झुंबरबाईंनी रांजण घासला, आबांच्या नावाची घागर भरून मांडली, आणि मग काथ्या घेऊन पेटीसमोर उभ्या राहिल्या. डॉक्टर नेमका समोरच्या काचेशी होता. काचेला तोंड लावून खालून वर, खालून वर, असा तो खात चालला होता. झुंबरबाई बघत राहिल्या. कितीतरी वर्षांचं ते बोट त्यांना दिसत असणार. मग त्यांनी काथ्या मोरीत नेऊन ठेवला आणि पुरण वाटायला बसल्या.

द्रौपदाबाई दुपारी आल्या. वय झालेलं, हातात काठी, पण नजर सुईसारखी. जिन्यापाशी त्यांनी स्वतःहून पाय धुतले आणि टाचाही धुतल्या. शेवटी ही शाळा त्यांचीच होती. मग फेरी सुरू झाली. पितळेच्या हंड्यात तोंड पाहिलं. रांजणात बोट घातलं. फळीवरून बोट ओढलं. काही लागलं नाही. चुकल्याचुकल्यासारख्या होऊन त्या समोरच्या खोलीत आल्या आणि पेटीपाशी थांबल्या. झोक्यावरची गाणी बाहेरून ऐकू येत होती. कुंदाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मी देवचंदभाऊकडे, आणि त्यानं आबांच्या फोटोकडे.

द्रौपदाबाईंनी काठी भिंतीला टेकवली, वरून पाण्यात बोट घातलं, काचेवरून फिरवलं आणि वर काढलं. बोटाला हिरवा धागा.

"झुंबर," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात जुनी मजा जागी झाली, "अजून तेच व?"

झुंबरबाई पुरणाच्या हातानंच आतून आल्या. आवाज चढला नाही, मानही खाली गेली नाही. "अक्का," त्या म्हणाल्या, "तो जेवू राह्यला. जेवत्याच्या ताटात बोट नही घालत."

द्रौपदाबाईंनी बोट तसंच धरून ठेवलं. दाखवायला बाहेर झोक्यावर बाया होत्या, आणि एका हाकेचं अंतर होतं. पण त्यांनी हाक मारली नाही. त्या काचेतून पाहत राहिल्या. डॉक्टर त्यांच्या बोटानं पडलेल्या नितळ रेघेपाशी आला, रेघेच्या दोन्ही कडांनी खाल्लं आणि मग जिथे रेघ संपली होती तिथे थांबून राहिला. द्रौपदाबाईंनी हळूच ते हिरवं बोट पुन्हा पाण्यात घातलं. डॉक्टर वर आला, आणि त्यानं बोटावरून तो धागा टिपून घेतला.

"मऊ तोंड हाये व याचं," द्रौपदाबाई म्हणाल्या. बराच वेळ त्यांनी बोट बाहेर काढलं नाही. मग झुंबरबाईंकडे न बघता म्हणाल्या, "रोज तूच घालतं का याले जेवू?"

"मीच," झुंबरबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं हसू होतं. "चाला अक्का, आता तुमचंबी ताट वाढते. पन आधी हात धुवा."